नियम जंगलाकडून घ्या : किनवट परिसरावर कथाप्रधान गेम रचू पाहणाऱ्यांसाठी

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटवर एखादा व्हिडिओ गेम करायचा असे कुणी ठरवले, तर पहिल्या दिवशी कागदावर काय उतरेल हे सांगता येते. सागाचे जंगल, सहस्रकुंडचा धबधबा, माहूरचा किल्ला, गोंडांच्या दंडारी नृत्यातला मोरपिसांचा टोप, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. ही यादी खोटी नाही, पण तिच्यावर गेम उभा राहत नाही. साग काढून तिथे देवदार लावला, टोप काढून दुसरा मुखवटा चढवला आणि तरीही खेळणाऱ्याला तेच करायचे उरले, म्हणजे पळायचे, उडी मारायची, नाणी गोळा करायची, तर त्या गेममध्ये किनवट फक्त पडद्यावर रंगवलेले असते. गावाचे, जंगलाचे आणि तिथल्या जगण्या-मरण्याचे खरे रूप गेमच्या नियमांत दिसायला हवे. खेळणाऱ्याला काय करता येते, कधी करता येते, केल्यावर काय हातचे जाते आणि काय कधीच परत मिळत नाही, या चार प्रश्नांची उत्तरे त्या जागेकडून यावीत. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी गेम करणाऱ्यांकडे मोठे चित्रकार नसतात, पैसा नसतो. त्यांच्यासाठी तर हा रस्ता सोयीचाही आहे, कारण नियम रचायला पैसे लागत नाहीत, निरीक्षण लागते.

नियमातून अर्थ सांगण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. मोक्षपट हा आपल्याकडचा जुना खेळ. मराठी परंपरा त्याचे नाते थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. ते ऐतिहासिकदृष्ट्या कितपत टिकते हा अभ्यासकांचा प्रश्न, पण पटाची रचना स्पष्ट आहे. घरांना गुण-दोषांची नावे, दोषाच्या घरात साप, गुणाच्या घरात शिडी आणि शेवटी मोक्ष. जन्ममरणाच्या फेऱ्याविषयी कुणीही प्रवचन करत नाही. सोंगटी सापाच्या तोंडातून खाली येते तेव्हा फेरा काय असतो ते खेळणाऱ्याला कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि सापशिडी होऊन मुलांच्या हातात आला. घरांची नावे हळूहळू पुसली गेली, सापांची आणि शिड्यांची संख्या सारखी केली गेली आणि उरली ती फक्त शर्यत. चित्रे पुष्कळशी तीच राहिली होती, अर्थ मात्र निघून गेला. जागेवर आधारलेला गेम करणाऱ्याने हे उदाहरण नीट लक्षात ठेवावे.

आता किनवटच्या जंगलाकडे याच नजरेने पाहू. मोहाचे झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळते आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलते. मांसल फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून जमिनीवर पडू लागतात. ती वेचायची तर ऊन चढायच्या आत, आणि जनावरांच्या आधी. झाडाखाली वाळक्या पानांचा थर असतो, त्यात फुले दिसत नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करतात. त्या आगीने त्या दिवशीचे काम हलके होते, पण आग पसरली तर वणवा होतो. त्यात जमिनीवरची घरटी जळतात आणि जे उद्याचे मोहाचे झाड होणार असते ते रोपही जळते. आगीऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरता येतात, पण ती आधी जमवावी लागतात, आणि पाचोळा हाताने झाडायचा तर वेळ जातो. या एका परिच्छेदात संपूर्ण गेम आहे. खेळणाऱ्याला पहाटेचे मोजके तास द्या. पाचोळा पेटवण्याची मुभा द्या आणि ती मुभा खरोखर सोयीची ठेवा, म्हणजे पेटवणाऱ्याची टोपली लवकर भरली पाहिजे. गेममधली वर्षे पुढे सरकत राहू द्या. पाचव्या-सहाव्या वर्षी म्हातारे झाड वठते आणि त्याच्याखाली एकही रोप नसते, तेव्हा खेळणाऱ्याला कुणी काही समजावून सांगण्याची गरज पडत नाही. इथे एक पथ्य पाळावे. पाचोळा पेटवणाऱ्या बाईला गेमने गुन्हेगार ठरवू नये. तिच्या घरी त्या फुलांवर काय काय अवलंबून आहे ते नियमांत आले पाहिजे, नाहीतर गेम शहरी माणसाचा उपदेश होऊन बसेल.

मोह संपतो न संपतो तोच तेंदूपत्ता येतो. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी असा हिशेब आहे. पाने मोजणे, जुळवणे, बांधणे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर नेणे, या कामाला स्वतःचा ताल आहे आणि तो बोटांना कळेल असा आहे. मोबाइलच्या पडद्यावर तो उतरवता येतो. पावसाळ्यात साग फुलतो आणि सबंध डोंगरउतारांवर पांढुरका थर चढतो. उन्हाळ्यात तोच साग उघडाबोडका असतो आणि सावली शोधावी लागते. पैनगंगेचे पाणीही निव्वळ पावसावर चालत नाही. वर इसापूरचे धरण आहे, त्यामुळे नदीत पाणी किती हे ढगांइतकेच धरणाच्या दारांवर ठरते. ज्याच्या हातात आपले पाणी आहे तो माणूस खेळणाऱ्याला कधीच दिसू नये, हा नियम एखाद्या लांबलचक संवादापेक्षा जास्त सांगून जाईल. तेव्हा संगणक उघडण्याआधी एक वही घ्या आणि बारा महिन्यांचे कोष्टक आखा. कोणत्या महिन्यात काय फुलते, काय सुकते, कोण येते, कोण स्थलांतर करते, कशाची कमतरता असते, कोणता आवाज बंद होतो. ही माहिती तिथे राहणाऱ्यांकडून घ्या, मिळाल्यास दोन पिढ्यांकडून, कारण चाळीस वर्षांपूर्वीचे कोष्टक आणि आजचे कोष्टक यांतला फरक हीच तुमची गोष्ट असू शकते.

मृत्यूचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण व्हिडिओ गेमने मृत्यू फार स्वस्त करून ठेवला आहे. पात्र मरते, पडदा काळा होतो, बटण दाबले की पुन्हा सुरुवात. मरणाविषयी काही सांगायचे असेल तर आधी ही सवय मोडावी लागते, आणि ती नियमानेच मोडता येते. जेसन रोरर याने 2007 मध्ये केलेला ‘पॅसेज’ जेमतेम पाच मिनिटांचा आहे. पात्र चालत राहते, म्हातारे होते, मरते. वाटेत जोडीदार मिळू शकते, पण दोघांना मिळून अरुंद जागांतून जाता येत नाही. सोबत घ्यायची तर काही वाटा सोडाव्या लागतात, एवढाच नियम. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा 2016 चा गेम रायन आणि एमी ग्रीन या आईवडिलांनी आपल्या आजारी आणि पुढे दगावलेल्या मुलावर केला. त्यात रुग्णालयाच्या खोलीत मूल रडत असते आणि खेळणारा जे जे करून पाहतो त्याने ते शांत होत नाही. हतबलता या शब्दाने जे झाले नसते ते तिथे होते. कॅनडातील थंडर लोटसच्या ‘स्पिरिटफेअरर’मध्ये (2020) खेळणारा मृतात्म्यांना बोटीतून पैलतीरी नेतो. त्यांना खाऊ घालतो, त्यांच्यासाठी घर बांधतो आणि एक दिवस त्यांना सोडून येतो. माणूस जातो, त्याचे घर बोटीवर राहते. या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे : खेळणाऱ्याच्या हातातली एखादी शक्ती काढून घेतलेली आहे. तुमच्या गेममध्ये कोणती शक्ती काढून घ्यायची हे आधी ठरवा. मागे जाऊन निर्णय बदलण्याची सोय काढणे हा सर्वांत सोपा उपाय आणि बहुतेक वेळा पुरेसा.

किनवट परिसरात मरण फक्त माणसाचे नसते. निम्न पैनगंगा धरण प्रकल्पाच्या बुडिताचा प्रश्न नदीकाठच्या गावांवर वर्षानुवर्षे टांगलेला आहे आणि त्याला तिथे दीर्घकाळ विरोधही झाला आहे. बुडेल की नाही हे ठाऊक नसलेल्या गावात भिंत दुरुस्त करायची का, आंब्याचे रोप लावायचे का, हे प्रश्न गेमसाठी युद्धापेक्षा मोलाचे आहेत. अशा गेमचा शेवट तुम्ही ठरवू नका. धरण झाले किंवा रद्द झाले असे दाखवून सुटका करून घेण्यापेक्षा, खेळणाऱ्याला हंगामामागून हंगाम अनिश्चिततेत निर्णय घ्यायला लावा.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. ज्या भागाने शेतकरी आत्महत्यांचे दुःख इतकी वर्षे सोसले, त्या भागात मृत्यूचा खेळ कशाला? नांदेड आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न उद्या कुणीही विचारू शकेल आणि त्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. माझे उत्तर असे की कथा, कविता, नाटक यांनी ज्या विषयाला हात घातला तो गेमने टाळावा असा नियम करता येत नाही, पण गेमची जबाबदारी त्यांच्याहून जास्त आहे, कारण इथे कृती खेळणाऱ्याच्या हातून घडते. म्हणून काही बाबतीत तडजोड करू नये. आत्महत्या हा खेळणाऱ्यासमोरचा पर्याय कधीही नसावा. तिची पद्धत दाखवू नये, वर्णनही करू नये. तिचे एकच कारण सांगून गोष्ट सोपी करू नये, आणि तिला कुठल्याही समस्येची सुटका म्हणून मांडू नये. मागे राहिलेल्यांची गोष्ट सांगता येते : सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठीच्या खेपा, सावकाराचा निरोप, पुढच्या पेरणीचा निर्णय. त्यात नाट्य भरपूर आहे आणि सन्मानही आहे. गेमच्या सुरुवातीला विषयाची स्पष्ट सूचना द्यावी आणि केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा. कुणा खऱ्या कुटुंबाची घटना ओळखू येईल अशी वापरू नये, त्यांनी स्वतः होऊन मागितले तरच विचार करावा.

दुसरा आक्षेप हक्काचा आहे. किनवट हा गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा अशा अनेक समाजांचा मुलूख. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे कोमराम भीम यांनी निजामाच्या जंगल कायद्यांविरुद्ध लढा दिला आणि 1940 मध्ये जोडेघाटला प्राण दिले त्याच जिल्ह्यात. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या राजगोंडांचा अभ्यास केला आणि 1948 मध्ये त्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. परधान गायक किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने कुळांच्या कथा कसे गातात, मृत माणूस कुळदेवतेशी कसा जोडला जातो, हे त्यात विस्ताराने येते. असा ग्रंथ हाती लागला की गेमची सामग्री आयती मिळाल्यासारखे वाटते. नेमके तिथेच थांबावे. ऐंशी वर्षांपूर्वी परक्या अभ्यासकाला जे पाहू दिले ते आज कुणालाही वापरायला मोकळे आहे असा त्याचा अर्थ होत नाही. अलास्कातला ‘नेव्हर अलोन’ (2014) या बाबतीत चांगला धडा देतो. कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या तिथल्या आदिवासी संस्थेने स्वतः गेम कंपनी काढली, इन्युपियाक समाजातले वडीलधारे आणि कथाकार रचनेत बसले आणि निवेदन त्यांच्या भाषेत झाले. हाताशी एवढी मोठी संस्था नसली तरी क्रम तोच ठेवता येतो. आधी विचारणे, मग लिहिणे. जे पवित्र म्हणून दाखवू नये असे सांगितले जाईल ते गाळणे आणि त्यावर वाद न घालणे. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला आणि भाषा तपासणाऱ्याला मानधन व श्रेय देणे. ज्याला गोंडी येत नाही त्याने गोंडी संवाद अंदाजाने लिहू नयेत. आणि या सगळ्याला वेळ नसेल तर आपल्याच घरची, आपल्याच गल्लीची गोष्ट निवडावी. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरा आक्षेप खेळणाऱ्यांकडून येतो : इतके वास्तव आणले तर मजा कुठे उरली? याला उत्तर देण्यासाठी कल्पनेची गरज नाही, एक वाघ पुरेसा आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली. तो तिथून निघाला, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या जिल्ह्यांतून शेते, नाले, रस्ते ओलांडत तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. ज्ञानगंगेत त्याला वाघीण नव्हती. या प्रवासात गेमला लागणारे सगळे काही आहे : ध्येय, भूक, धोका, दिवसा लपणे, रात्री चालणे आणि शेवटी असे यश की ज्याला यश म्हणावे का हे कळत नाही. वाघाला माणसासारखे बोलायला लावण्याची गरज नाही. तूर किती उंच आहे, म्हणजे दिवसभर लपता येईल की नाही, एवढे खेळणाऱ्याने पाहत राहिले तरी शेतीचे वेळापत्रक आणि वाघाचे आयुष्य एकमेकांत गुंततात. कापूस वेचणीला आलेली माणसे आणि त्याच कापसात दडलेले जनावर यांतला ताण कोणत्याही रचलेल्या राक्षसापेक्षा मोठा आहे. मात्र एक काळजी घ्या. जंगली प्राण्यांच्या गुहा, पाणवठे, घरटी यांच्या खऱ्या जागा गेमच्या नकाशात देऊ नका. शिकाऱ्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो. नकाशा भावनेने खरा असला की पुरे.

साधनांबद्दल थोडक्यात, कारण ती बदलत राहतात. पहिला गेम ट्वाइनमध्ये करावा असे माझे मत आहे. 2009 मध्ये आलेले हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे देवनागरी नीट दिसते, प्रोग्रामिंग जवळजवळ लागत नाही आणि झालेला गेम साध्या मोबाइलवर उघडतो. चित्र आणि हालचाल हवी असेल तर गोडो हे मुक्त इंजिन घ्या, पण 2023 मध्ये आलेली चौथी आवृत्ती किंवा त्यानंतरची. आधीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी बसते. कोणतेही साधन निवडण्याआधी त्यात ‘किनवट’, ‘दृष्टी’, ‘वाऱ्याच्या’ हे तीन शब्द टाकून पाहा. ते नीट उमटले नाहीत तर पुढे जाऊ नका. एक टाइपच्या ‘मुक्त’सारखे चांगले मराठी फाँट मोफत वापरता येतात. आवाज मात्र स्वतः ध्वनिमुद्रित करा. सहस्रकुंडला पावसाळ्यातला आणि एप्रिलमधला नदीचा आवाज वेगळा आहे, आणि इंटरनेटवरचा कोणताही तयार धबधबा त्याची जागा घेत नाही. आकाराबाबत कठोर राहा. ‘केंटकी रूट झीरो’ हा अमेरिकेतल्या एका प्रदेशावरचा, कर्ज आणि मरण यांवरचा विलक्षण गेम तिघांच्या छोट्या गटाने केला. त्याचे पाच अंक बाहेर यायला 2013 ते 2020 एवढा काळ लागला. तुमचा पहिला गेम वीस मिनिटांचा असू द्या : एक झाड, एक हंगाम, एक घर.

हे पुण्या-मुंबईतच होऊ शकते, हा समज आता सोडायला हरकत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला आणि तो जगभर खेळला गेला हे खरे. पण त्याहून आपल्या जवळचे उदाहरण स्टुडिओ ओलिओमिंगसचे आहे. दक्षिण गुजरातमधल्या वापीजवळच्या चला या छोट्या गावातून ध्रुव जानी आणि त्यांचे सहकारी वसाहतकाळ, स्मृती आणि कल्पित इतिहास यांवरचे छोटे कथाप्रधान गेम करतात, आणि त्यांची दखल परदेशातल्या संग्रहालयांनी घेतली आहे. पैसा मात्र यात चटकन मिळत नाही, आणि मराठी गेमला तर नाहीच, हे मान्य करूनच उतरावे. नोकरी किंवा शेती सांभाळून, इच डॉट आयओसारख्या मोफत व्यासपीठावर छोटा गेम ठेवणे हा आजचा व्यवहार्य मार्ग आहे. स्टीम या गेम विकण्याच्या व्यासपीठावर प्रत्येक गेममागे शंभर डॉलर भरावे लागतात, तो टप्पा नंतरचा. इंग्रजी भाषांतर जोडल्यास वाचक वाढतात, पण मूळ संहिता मराठीतच लिहा. इंग्रजीत विचार करून लिहिलेला मोहाचा हंगाम लगेच ओळखू येतो.

गेम झाला की तो आधी मित्रांना दाखवू नका. मोह वेचणारी बाई, तेंदूपत्त्याच्या हंगामात राबलेला माणूस, नदीकाठचा शेतकरी यांच्या हातात मोबाइल द्या आणि गप्प बसा. ‘असं होत नसतं’ असे ते जिथे म्हणतील ती जागा लिहून घ्या आणि घरी जाऊन नियम बदला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र किनवटलाच आहे, परिसरात महाविद्यालये आहेत, त्यांत मराठीचे, वनस्पतिशास्त्राचे आणि संगणकाचे विद्यार्थी एकाच आवारात शिकतात. एका प्राध्यापकाने मनावर घेतले तर या तिघांचा एक गट आणि एका वर्षाचा एक प्रकल्प सहज उभा राहील. शिक्षकांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे की येत्या मार्चमध्ये मोह फुलण्याआधी असा एक गट तयार करा आणि त्यांच्या हातात कोरी वही द्या.